जहाजावर रुमाल टाकून जागा धरता येत नाही: क्रूझवर पहिल्यांदा चाललेल्या आपल्या माणसांसाठी

यंदा आपल्या तालुक्यातले सात-आठ कृषी केंद्रवाले क्रूझवर चालले, बियाण्याच्या कंपनीचं टारगेट पूर्ण झालं म्हणून. आठ दिवसांपासून माझा फोन वाजून राहिला. भाऊ काय न्यायचं, भाऊ कपडे कोणते, भाऊ तिथं आपलं जेवण भेटते का. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो म्हटलं. मी दोनदा जाऊन आलो, एकदा असाच डीलर लोकांच्या टूरवर मुंबई-गोवा-मुंबई आणि मागच्या वर्षी दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन सिंगापूरहून चार रात्रींची. पहिल्या वेळी ज्या ज्या चुका करता येतात त्या आम्ही चाळीस जणांनी मिळून सगळ्या केल्या, त्यामुळं या विषयात आपला अभ्यास पक्का आहे.

गावाचं नाव दर्यापूर पण दर्या पाहायचा तं रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं खारट पाणी एवढाच काय तो आपला समुद्राशी संबंध. त्यामुळं कोणी घाबरत असेल तं समजू शकतो, पण जहाजावरच्या रीती काही अवघड नाहीत, अर्ध्या तं लग्नातल्याच आहेत. फरक एवढाच का लग्नात कोणी चुकीचं वागलं तरी पंगत उठते, लोक आपापल्या घरी जातात, विषय संपते. जहाजावर कोणी घरी जात नाही. दोन-तीन हजार माणसं त्याच लिफ्टमध्ये, त्याच नाश्त्याला. सकाळी ज्याच्याशी खुर्चीवरून भांडले तोच संध्याकाळी बाजूच्या टेबलवर बसून पनीर खाऊन राहते आणि तुमच्याकडं पाहून राहते.

आता बॅग. एअरपोर्टसारखी स्कॅनरमधून जाते. पाणी तापवायची रॉड, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर हे काहीच नेऊ नका, एक्स्टेंशन बोर्डही बहुतेक जहाजांवर चालत नाही. आमच्यातल्या एकानं रॉड नेली होती, त्याला सकाळी आंघोळीचं पाणी कढतच लागते. ती त्यांनी काढून घेतली, चिठ्ठी दिली, उतरताना परत भेटली, पण चाळीस जणांत तीन दिवस त्याचं नाव रॉडभाऊ पडलं ते आजपर्यंत आहे. खोलीत गरम पाणी नळालाच येते हो. हे नियम काही तुम्हाला त्रास द्यायला नाहीत, समुद्रात अग्निशमनची गाडी बोलावता येत नाही म्हणून आहेत. आईला दुसऱ्या वेळी हे सांगता सांगता माझा घाम निघाला. वातीचा डबा आणि तुपाची डबी तिनं साडीत गुंडाळून ठेवली होती, मी निघायच्या आदल्या रात्री काढली. मग तिनं आरशासमोरच्या टेबलवर गजानन महाराजांचा फोटो ठेवला आणि जेवणाच्या टेबलवरच्या फुलदाणीतलं एक फूल वेटरला मागून आणलं, चार दिवस दिव्याशिवाय पूजा झाली, काही अडलं नाही.

खायचं म्हणाल तं घरून शिजवून नेलेलं चढू देत नाहीत. ठेच्याचा डबा, शिदोरी, संत्री सगळं घरीच. कंपनीचं सीलबंद पाकीट असलं, चिवडा-शेव असं, तं साधारण चालते. दारू स्वतःची नेऊ नका, बॅगेतून निघाली का जमा. आणि तिथं दारूचं पॅकेज घेतलं तं ते एकाच माणसाचं असते, एकानं पॅकेज घ्यायचं आणि चौघांनी प्यायचं ही आयडिया बारवाल्यांना आपल्या आधीपासून माहीत आहे.

चढल्यावर सगळ्यात आधी सेफ्टी ड्रिल होते. हे टाळू नका, टिंगल करू नका, आमच्या लोकांनी केली. भोंगा सुरू झाला आणि अर्धे जण बुफेतून उठेचनात, कोणी म्हणे तुम्ही पाहून या आम्हाला सांगा. तिथं खोलीप्रमाणं प्रत्येकाची जमायची जागा ठरलेली असते, त्याला मस्टर स्टेशन म्हणतात, नंबर तुमच्या कार्डावर (चढताना देतात ते, खोलीची चावी पण तेच) आणि खोलीच्या दारामागं लिहिलेला असते. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि मग एक लांब, म्हणजे खरोखरचं संकट, सगळं टाकून त्या जागी जायचं. काही जहाजांवर आता मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा आणि मग त्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं एवढंच असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाचं जहाज खडकावर आदळून आडवं झालं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हा २४ तासांच्या आत घेतली तरी चालत होती. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल झालीच पाहिजे. आमच्या बाबतीत काय झालं तं आमचे पाच जण आले नाहीत म्हणून सगळ्या स्टेशनचे लोक ताटकळत उभे, म्हाताऱ्या बाया सुद्धा, आणि स्पीकरवरून आमच्या खोल्यांचे नंबर वाचून राहिले. लग्नात नवरदेव उशिरा आल्यावर लोक जसे पाहतात तसे सगळे आमच्याकडं पाहत होते, फक्त यात नवरदेव नव्हता.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. यावर वेगळंच लिहावं लागते कारण आपल्याकडचा माणूस म्हटला का खिशात पन्नी आलीच. एक गोष्ट समजून घ्या, जहाज चालत असते म्हणून वारं कधी थांबत नाही. बाल्कनीतून थुंकलं तं ते समुद्रात पडत नाही, ते खाली-मागच्या बाल्कनीत जाते. हे मी पुस्तकातून नाही सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्याच माणसानं पिचकारी मारली आणि मी खाली बाल्कनीत पांढरा टीशर्ट घालून चहा पिऊन राहिलो होतो. टीशर्ट गेला, चहा गेला, आणि तक्रार तरी कोणाची करता, आपलाच माणूस, उधारीचं गिऱ्हाईक. समुद्रात कचरा टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्यानं बंदी आहे, प्लास्टिक तं कुठंच टाकता येत नाही, मग ती खर्र्याची पन्नी का असेना. सिगारेटसाठी डेकवर ठरवून दिलेली जागा असते, तिथंच ओढायची. २००६ च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस नावाचं जहाज जमैकाला चाललं होतं, तेव्हा त्याच्या बाल्कन्यांना आग लागून शंभरावर खोल्यांचं नुकसान झालं, एक प्रवासी गेला, आणि चौकशीत बहुतेक कोणाची तरी पेटती सिगारेट कारण असावी असं निघालं. सिंगापूरकडून जाणार असाल तं अजून एक, तिथं चघळायचा तंबाखू आणि गुटखा देशात आणायलाच बंदी आहे. घरूनच नेऊ नका. चार दिवस सुपारी-बडीशेपवर काढा, माझा एक मित्र तसा गेला आणि परत येईपर्यंत सगळ्यांशी भांडला पण जगला.

आता पूल. तिथं पाठ टेकायची लांब खुर्ची असते, लाउंजर म्हणतात, आपल्या बाजेसारखीच, फक्त डोक्याकडून उचलता येते. आणि सगळ्या जहाजांवरची सगळ्यात जास्त भांडणं या बाजेवरून होतात, हे मला एका बारवाल्या गोव्याच्या पोरानं सांगितलं. कारण माणसं हजारो आणि बाजा काहीशे. आपल्याला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय, मीही तेच केलं. सकाळी सहाला उठलो, निळे टॉवेल घेतले, सावलीतल्या चार बाजांवर पसरले, एकावर चप्पल, एकावर टोपी, एकावर सकाळचा पेपर असता तं तोही ठेवला असता, आणि खाली जाऊन आरामात नाश्ता केला. दोन वेळा उपमा, एक डोसा, मग खोलीवर जाऊन थोडा पडलो. साडेआठला वर आलो तं माझ्या बाजेवर एक वयस्क गुजराती काका पाय लांब करून झोपलेले, आणि चारही टॉवेल गायब. मी त्यांना म्हटलं ही आमची जागा आहे, रुमाल टाकला होता. ते उठले पण नाहीत, फक्त बोटानं पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं की अर्धा तास कोणी नसलं तं सामान उचलल्या जाईल. कुठं तीस मिनिटं असते, कुठं चाळीस, पण नियम बहुतेक ठिकाणी आहे, आणि स्टाफ येऊन टॉवेलवर वेळ लिहिलेली चिठ्ठी लावून जातात. माझी चप्पल आणि टोपी टॉवेलच्या काउंटरवर पिशवीत बांधून ठेवली होती, वर खोली नंबर विचारला तेव्हा त्या पोरीच्या चेहऱ्यावर अजिबात हसू नव्हतं.

म्हणून पद्धत अशी. जागा बसायला लागेल तेव्हाच घ्या. पाण्यात उतरले, लघवीला गेले, चहा आणायला गेले, तेवढ्यापुरता टॉवेल ठेवला तं कोणी काही म्हणत नाही. जेवायला चालले तं सामान उचलून न्या. चौघांसाठी एकानं आठ बाजा धरायच्या नाहीत. दुसऱ्याचा टॉवेल दिसला आणि बराच वेळ कोणी नाही तं स्वतः उचलून फेकू नका, स्टाफला सांगा, ते त्यांचं काम आहे. आणि खरं सांगू का, सकाळी सहा ते साडेसातला पूल रिकामाच असते, बंदरावर जहाज लागलं का सगळे खाली उतरतात तेव्हाही रिकामा. आपण पहाटे उठणारी माणसं, आपल्याला भांडायची गरजच काय.

पाण्यात उतरायच्या आधी तिथंच शॉवर असते तो घ्यायचा, तेल लावलेलं डोकं घेऊन उडी मारायची नाही. बनियन-अंडरपँटवर कोणी उतरू देत नाही, साडी-सलवारवर पण नाही, सुती कपड्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. नायलॉनची चड्डी आणि टीशर्ट अमरावतीला दोन-तीनशात भेटते, बायांसाठी पूर्ण अंगाचे पोहायचे ड्रेस पण भेटतात, माझ्या बायकोनं तोच नेला, तिला काही अवघडल्यासारखं वाटलं नाही. डायपरवालं लेकरू पूलमध्ये नेता येत नाही, कितीही रडलं तरी. जकुझी म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद, त्यात सहा-आठ जणांची जागा असते, अकरा जणांनी शिरून अर्धा तास अंताक्षरी खेळायची जागा नाही ती.

आणि एक गोष्ट डीलर लोकांना स्पष्ट सांगतो, वाईट वाटलं तं वाटू द्या. पूलवर बाया पोहायच्या कपड्यात असतात, ते तिथलं साधं आहे, त्यांच्याकडं टक लावून पाहायचं नाही आणि मोबाईल काढून व्हिडिओ तं बिलकुल नाही, समुद्र दाखवायच्या नावाखाली सुद्धा नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकानं केलं. सिक्युरिटीवाले आले, फोन घेऊन डिलीट करायला लावलं, त्याला तंबी दिली, आणि त्यानंतर आम्ही चाळीसच्या चाळीस जिथं जाऊ तिथं लोक आपल्या बाया-पोरी घेऊन उठून जात. बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? त्या दिवशी मला जितकी शरम वाटली तितकी कधी वाटली नाही.

कपड्यांचं लोकांना उगाच भलतं टेन्शन आहे. दिवसा काहीही चालते, हाफ पँट, टीशर्ट, स्लीपर. फक्त ओल्या अंगानं आणि उघड्या पायानं जेवायच्या जागी जायचं नाही. चौकटीची लुंगी आणि सँडो बनियन खोलीत घाला, दारापर्यंत घाला, पण त्याच्यावर बुफेत इडली आणायला नका जाऊ. रात्री मोठ्या हॉलमध्ये बसून जेवायचं असलं का रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर लिहून येते, स्मार्ट कॅज्युअल, म्हणजे कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बूट, जे घालून तुम्ही पोरगी पाहायला जाल तेच. एखादी रात्र फॉर्मल किंवा गाला असते तेव्हा साहेब लोक कोट घालतात. कोट नसला तं शिवायला टाकू नका, एका रात्रीसाठी काहून पैसे घालता. कुर्ता-पायजमा आणि वर जाकीट, बायांना साडी, हे बहुतेक जहाजांवर फॉर्मलच धरतात. आमच्यासोबत अंजनगावकडचे एक काका होते, सत्तरीचे, मुलाच्या नावावर दुकान पण टूरवर हट्टानं स्वतः आलेले. त्यांनी गालाच्या रात्री पांढरंशुभ्र धोतर, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायात पॉलिश केलेला जोडा घातला. आम्ही सगळे भाड्याच्या कोटात गुदमरून राहिलो होतो आणि जहाजाचा फोटोग्राफर आम्हाला सोडून काकांचेच फोटो काढून राहिला होता, एक फॉरेनर बाई तं धोतर कसं नेसतात ते विचारायला आली, काकांनी काष्टा दाखवला. ज्यांना हे सगळं नकोच वाटते त्यांनी गुमान बुफेत जेवावं, तिथं तो नियम नसते. एक शाल मात्र प्रत्येकानं न्या, हॉलमधला एसी म्हणजे पुसातली पहाट.

जेवणाचं. बुफे दिवसभर सुरू असते, संपत नाही, तरी पहिल्या दिवशी लोक प्लेटवर गंजी लावतात, वैरणीची लावतात तशी. थोडं थोडं घ्या, परत जा, पण परत जाताना नवी प्लेट घ्या, उष्टी प्लेट घेऊन वाढायच्या ठिकाणी जायचं नाही. चिमटा ज्याचा त्यालाच, मटणाचा चिमटा पनीरमध्ये घातला तं मागं उभा असलेला जैन माणूस उपाशी राहते. हात साबणानं धुवा, दारात सॅनिटायझर शिंपडतात ते पुरेसं नाही, नोरोव्हायरस नावाचा हगवण-उलटीचा विषाणू जहाजावर फार लवकर पसरते आणि तो सॅनिटायझरला फारसा भीत नाही, साबण-पाण्यानं वीस सेकंद चोळलं तं निघते. पोट बिघडलंच तं लपवून बुफेत फिरू नका, डॉक्टरला सांगा, खोलीत राहा. हातानं जेवलं तरी चालते बरं का, मी दोन्ही वेळा जेवलो, कोणी वळून पाहत नाही. तिखट मात्र आपल्यासारखं भेटत नाही, शेफला सांगून हिरवी मिरची आणि मीठ मागा, तो आनंदानं देते.

काम करणाऱ्या पोरांशी नीट बोला. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर सोडून असतात, छातीवर नाव आणि देश लिहिलेला असते, ते नाव वाचून हाक मारा. शुक-शुक, ए पोरा, टिचकी, हे नाही. खोली साफ करणारा दिवसातून एक-दोनदा येते, त्याच्यासाठी सामान खाटेवरून उचलून ठेवायला काय जाते आपलं. बक्षिसीचं असं का बऱ्याच कंपन्यांचं ते बिलातच लागते, अमेरिकन जहाजांवर माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर होतात, बुकिंग करतानाच एजंटला विचारून घ्या का हे धरून आहे का वेगळं, नाही तं शेवटच्या दिवशी बिल पाहून काउंटरवर तमाशा होते. जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर लिहिल्या जाते, आणि लेकरांना ते कार्ड खेळायला देऊ नका.

लिफ्टमधून आधी उतरणाऱ्याला उतरू द्या. भिंती पातळ असतात, रात्री बारानंतर गॅलरीत उभं राहून रम्मीचा हिशोब नको. मोबाईलचा स्पीकर बंद. शोच्या हॉलमध्ये पण रुमाल टाकून रांगा धरू नका, तोच बाजेवाला नियम. संडासात कागद सोडून काही टाकू नका, ओढून घेणारं मशीन असते, एक डायपर अडकलं का लाईनीतल्या दहा खोल्यांचं बंद पडते. मळमळत असलं तं गोळी आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडं पाहत बसा, मोबाईलकडं नाही.

बंदरावर उतरले तं परत यायची वेळ लिहून घ्या, ती जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते, आणि मोबाईलवरची नाही, जहाजावरच्या घड्याळाची वेळ धरायची. एसटीसारखा कंडक्टर थांबत नाही. उशीर झालेल्या माणसाला सोडून जहाज निघून जाते, पुढचं बंदर स्वतःच्या खर्चानं गाठावं लागते.

शेवटच्या रात्री मोठी बॅग चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायला सांगतात, ते रात्रीतून उचलून नेतात आणि सकाळी खाली भेटते. इथं लक्ष द्या. सकाळी घालायचे कपडे, बूट, गोळ्या, कागदपत्रं हे सगळं हातातल्या पिशवीत काढून ठेवायचं आणि मगच बॅग बाहेर. आमच्या रॉडभाऊनं सगळं नीट घडी करून, चेन लावून, अकरा वाजता बॅग बाहेर ठेवली आणि शांत झोपला. सकाळी उठला तं अंगावर लुंगी आणि सँडो, खोलीत दुसरा एक धागा नाही. मी त्याला माझा शर्ट दिला, पँट कोणाचीच त्याच्या कमरेला येईना. तसाच उतरला, लुंगीवर, वर माझा इस्त्रीचा शर्ट, हातात परत भेटलेली ती रॉड, बाहेर रांगेत कोटवाले साहेब लोक आणि मधात हा. अंजनगावचे काका मागून म्हणाले, पोरा, धोतर आणलं असतं तं आज फोटो निघाला असता.